दोन पाट्या, एक कॉलेज

(कॉलेजच्या कचेरीतून : लेखांक ९)

शेजारचे काका रविवारी चहाला आले ते मुलीची फाईल काखेत मारूनच. सीईटीचा निकाल लागलाय, आता पसंतीक्रम भरायचेत. बिबवेवाडीत पावसाळ्याच्या तोंडाशी हे दृश्य घरोघरी दिसतं. फाईल टीपॉयवर ठेवत ते म्हणाले, "तुम्ही कॉलेजच्या ऑफिसात जन्म काढलात, मला एवढं सांगा. अप्परचं व्हीआयटी आपल्याला माहीत आहे. पण कोंढव्याच्या व्हीआयआयटीलाही आता व्हीआयटीच म्हणायला लागलेत. मधला एक आय गेला कुठं?"

काकांना बायकोनं आतून हसून दाद दिली. मला मात्र लेखाला विषय मिळाला. गेल्या आठवड्यात आपण स्वायत्त कॉलेज म्हणजे काय ते पाहिलं, आज दोन कॉलेजं एक होतात म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू.

अप्पर इंदिरानगरचं विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी १९८३ चं. कोंढवा बुद्रुकचं विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी २००२ चं. दोन्ही बन्सीलाल रामनाथ अगरवाल चॅरिटेबल ट्रस्टची, म्हणजे एका घरातली थोरली-धाकटी भावंडं. अलीकडे धाकट्याची ओळख 'व्हीआयटी, कोंढवा कॅम्पस' अशी झाली आहे. आय गेला तो असा. पण मुळात एका घरात दोन चुली मांडल्याच कशाला, हे कळल्याशिवाय त्या एक का झाल्या हे कळायचं नाही.

१९८३ हे साल लक्षात ठेवा. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री होते आणि त्यांच्या सरकारनं विनाअनुदानित तत्त्वावर इंजिनिअरिंग कॉलेजं काढायला परवानगी दिली. तोवर महाराष्ट्रातल्या मुलाला सीओईपीसारखं सरकारी कॉलेज नाही मिळालं तर घरचे कर्नाटकातल्या कॉलेजांची चौकशी करू लागत. परवानगी मिळाली आणि संस्था कामाला लागल्या. पुढं आयटीची लाट आली, जागांना मागणी वाढली, पण एका कॉलेजनं एका शाखेत किती मुलं घ्यायची याला एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेची कमाल मर्यादा होती. मर्यादा कॉलेजला होती, ट्रस्टला नव्हती. मग सरळ हिशोब होता : दुसरं कॉलेज काढा. दुसरा कोड, दुसरा प्राचार्य, दुसरी प्रवेशक्षमता. पुण्यात एकेका संस्थेच्या आवारात चार-चार पाट्या दिसतात त्यामागं हे गणित आहे.

२०२४-२५ पासून एआयसीटीईनं चांगल्या संस्थांसाठी शाखेमागची ती कमाल मर्यादाच काढून टाकली. दुसरीकडे एनआयआरएफ ही शिक्षणसंस्थांची केंद्रीय क्रमवारी आली, तिची पहिली यादी २०१६ ची. तिथं विद्यार्थिसंख्येला गुण आहेत, शोधनिबंधांनाही गुण आहेत. दोन कॉलेजांची मुलं दोन रकान्यांऐवजी एका रकान्यात मोजली, तर फायदा होऊ शकतो. पाट्या एक होण्यामागं कोणाच्या मनात काय असतं ते मी सांगू शकत नाही. पण ज्या नियमानं पाट्या वाढवल्या तोच सैल झाल्यावर पाट्या कमी व्हाव्यात, यात मला नवल वाटत नाही.

खरं तर आपली जुनी परंपरा जोडण्याची नाही, तोडण्याची आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधून १८५६ मध्ये शाळा आणि कॉलेज वेगळी झाली. पुण्याचं आजचं सीओईपी १८५४ चं. मधल्या काळात ते 'कॉलेज ऑफ सायन्स' होतं आणि शेतकीचे वर्गही त्यातच भरत, १९०७ मध्ये शेतकी कॉलेज वेगळं निघालं. वाढायचं म्हणजे वेगळं व्हायचं, असाच शंभर वर्षांचा रिवाज. तो उलटा फिरवायला घेतला २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं. एकाच शाखेची छोटी कॉलेजं नकोत, प्रत्येक संस्था बहुविद्याशाखीय हवी, तिथं तीन हजार किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असावेत आणि विद्यापीठाशी संलग्न राहण्याची पद्धत टप्प्याटप्प्यानं संपावी, असं ते धोरण म्हणतं. २०२२ मध्ये यूजीसीनं मार्गदर्शक सूचना काढून वाटाही दाखवल्या. केंद्राच्या २०२१-२२ च्या पाहणीत एकट्या पुणे जिल्ह्यात ४७५ कॉलेजं होती. त्यातल्या किती कॉलेजांत तीन हजार मुलं असतील, याचा अंदाज पुणेकरांनी आपला आपण करावा.

वाटा मुख्यतः दोन. एक विलीनीकरण : एक कॉलेज दुसऱ्यात मिसळतं आणि त्याचं स्वतंत्र अस्तित्व संपतं. दुसरी समूह विद्यापीठाची : कॉलेजं आपापल्या नावानं राहतात, पण सगळी मिळून एक विद्यापीठ होतं आणि पदवी त्या विद्यापीठाची मिळते. पहिल्याला मी दूध-पाणी म्हणतो, दुसऱ्याला भेळ. भेळेत कुरमुरा कुरमुराच राहतो.

भेळेचं सगळ्यात देखणं उदाहरण मुंबईत आहे. २०१९ मध्ये चार सरकारी कॉलेजं एकत्र करून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ झालं : इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स, एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज. विज्ञान, कला, वाणिज्य आणि शिक्षकांचं शिक्षण. चारही मुंबईच्या दक्षिण टोकाला, एल्फिन्स्टनहून इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सला काळा घोड्याच्या चौकातून चालत पाच-सात मिनिटं. केंद्राच्या रूसा योजनेत अशा समूह विद्यापीठासाठी ५५ कोटींची तरतूद होती, त्यात केंद्राचा वाटा साठ टक्के आणि राज्याचा चाळीस.

नावही उगाच दिलेलं नाही. होमी भाभा केंब्रिजला जाण्यापूर्वी एल्फिन्स्टनमध्ये आणि तेव्हाच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकले होते. मला त्याहून दुसरी गोष्ट जास्त भावते. बाबासाहेब आंबेडकर एल्फिन्स्टनमध्ये शिकले आणि १९१८ ते १९२० सिडनहॅममध्ये अर्थशास्त्र शिकवत होते. विद्यार्थी म्हणून एक दार, प्राध्यापक म्हणून दुसरं. ती दोन्ही दारं आज एकाच विद्यापीठाची आहेत. एल्फिन्स्टनच्या इतिहासाच्या पोरीनं चालत जाऊन सिडनहॅममध्ये अर्थशास्त्राचा तास करावा, हे चित्र धोरणाच्या शंभर पानांपेक्षा मला लवकर पटतं. हे चित्र पायी चालण्याच्या अंतरावर उभं आहे, हे मात्र विसरू नका.

साताऱ्याची गोष्टही याच वळणाची. रयत शिक्षण संस्थेची तिथली तीन कॉलेजं, छत्रपती शिवाजी कॉलेज, यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स आणि धनंजयराव गाडगीळ वाणिज्य महाविद्यालय, मिळून २०२१ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झालं. आधी ती कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. मुंबईतही के. सी., एच. आर. आणि बॉम्बे टीचर्स ट्रेनिंग कॉलेज यांचं एचएसएनसी विद्यापीठ झालं आहे. या दोन्ही ठिकाणी व्यवस्थापन आधीपासून एकच होतं, म्हणून सासर-माहेरचा वाद नव्हता.

आता थोडं परदेशात. ब्रिटनमध्ये 'एफई कॉलेजां'च्या विलीनीकरणाची चर्चा वर्षानुवर्षं चालते. पुण्यातल्या वाचकांनी गडबडू नये. आपल्याकडे एफई म्हणजे फर्स्ट इयर इंजिनिअरिंग. तिकडे एफई म्हणजे शाळा आणि विद्यापीठ यांच्या मधलं, हाताला काम शिकवणारं शिक्षण, आपल्या आयटीआय आणि तंत्रनिकेतनांच्या जवळचं. इंग्लंडमधली ही कॉलेजं १ एप्रिल १९९३ ला स्थानिक कौन्सिलांच्या पंखाखालून निघाली आणि स्वतःच्या पायावर उभी राहिली. काहींचे पाय लटपटले, कर्ज झालं, की शेजारच्या धट्ट्याकट्ट्या कॉलेजात जाऊन मिळायचं. उत्तर आयर्लंडनं तर २००७ मध्ये एका झटक्यात सोळा कॉलेजांची सहा केली. ग्लासगोत २०१० मध्ये तीन कॉलेजं एक झाली, त्यात एक जहाजावरचं काम शिकवणारं होतं. म्हणजे आपल्याकडे एकत्र येतात ती वर चढण्यासाठी, तिकडे बऱ्याचदा बुडू नये म्हणून.

तिथला विद्यार्थी सोळा-सतरा वर्षांचा, घरून येणारा. त्याच्यासाठी कॉलेज दहा मैल लांब गेलं म्हणजे शिक्षण दहा मैल लांब गेलं. आपल्या आयटीआयचंही तसंच. अप्परमधल्या मुलाला औंधच्या आयटीआयला जायचं तर शहराच्या या टोकाहून त्या टोकाला जावं लागतं. फिटर किंवा इलेक्ट्रिशियनच्या एका युनिटला वीस जागा. उद्या कोणी दोन आयटीआय एक करायला निघालं, तर वीस पोरांच्या बसच्या पासाचा हिशोब आधी करावा आणि इमारतीचा नंतर.

आता कचेरीकडे येतो. ती माझी जागा.

वर्तमानपत्रात येतं 'दोन महाविद्यालयांचं एकत्रीकरण'. कचेरीत येतो तो ठरावाचा कागद, विद्यापीठाचं आणि शासनाचं ना-हरकत पत्र, परिषदेची मान्यता आणि त्यामागून दोन सेवाज्येष्ठता याद्या. या दोन याद्यांची एक यादी करताना जी शांतता पसरते ती मी परीक्षेच्या हॉलमध्येही अनुभवलेली नाही. या कॉलेजात फिजिक्सचे क्रमांक एकचे सर, त्या कॉलेजातही क्रमांक एकच्या बाई. एकत्र यादीत एक कोणीतरी दोन होणार. त्यावर विभागप्रमुखपद अवलंबून. मग बिंदुनामावली. आरक्षणाचे बिंदू एककानुसार मोजतात, एकक बदललं की कोणता बिंदू कोणाचा हे पुन्हा तपासून घ्यावं लागतं आणि तोवर भरती अडते. त्यात एक तुकडी अनुदानित आणि एक विनाअनुदानित असेल तर विचारूच नका : एकाच्या पगाराचं बिल एका खिडकीतून निघतं, दुसऱ्याचं दुसरीतून, आणि डबा खायला सगळे एकाच टेबलावर. शेवटी वर्कलोड. दोन्हीकडे मराठीचा एकेक प्राध्यापक आणि मुलं जेमतेम एका वर्गाची असतील, तर 'अतिरिक्त' हा शब्द स्टाफरूममध्ये हळू आवाजात ऐकू येऊ लागतो.

मी ज्या संस्थेत होतो तिथं एकदा संध्याकाळचं छोटं कॉलेज सकाळच्या मोठ्या कॉलेजात मिळवलं. समारंभ झाला, नारळ फुटला, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या कॉलेजचा हेडक्लार्क त्याचं आवक-जावक रजिस्टर कापडात गुंडाळून घेऊन आला आणि म्हणाला, "हे कुठं ठेवू?" जागा नव्हती. ते माझ्या कपाटावर गेलं. गोल रबरी शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये, कारण तो आता वापरायचा नव्हता आणि मोडीतही काढता येत नव्हता.

तीनेक वर्षांनी एक मुलगा आला. कॅनडाला जायचं होतं, ट्रान्सक्रिप्ट हवं होतं. गुणपत्रिकेवर जुन्या कॉलेजचं नाव, आमच्या लेटरहेडवर नवं. तिकडची एजन्सी म्हणे, ही दोन वेगळी कॉलेजं आहेत. नावबदलाचं पत्र द्या म्हणून तो चार वेळा आला. पत्राचा मसुदा आमच्याकडे नव्हता, कारण विलीनीकरणाच्या फाईलमध्ये पेढ्यांचं बिल होतं, पण जुन्या विद्यार्थ्यांना कोणतं पत्र द्यायचं याची ओळ नव्हती. शेवटी कपाटावरचं रजिस्टर काढलं, धूळ झटकली, त्याचा प्रवेश क्रमांक शोधला आणि दोन्ही नावं लिहून पत्र दिलं. तेव्हापासून कुठलंही कॉलेज एक होतंय असं वाचलं की मला पहिला प्रश्न पडतो : जुना शिक्का कोणाच्या ड्रॉवरमध्ये आहे?

हे सगळं काकांना सांगितलं. त्यांचं समाधान झालं की चहा संपला म्हणून ते उठले, कळलं नाही. मुलगी तोवर दारात येऊन उभी होती. तिनं एकच विचारलं, "आजोबा, दोन्ही एकच कॉलेज असेल तर अप्परला प्रवेश घेऊन कोंढव्यातला एखादा विषय घेता येईल का?"

सगळ्या लेखात मी जो प्रश्न विचारायला हवा होता तो तिनं दारात उभं राहून विचारला. मी म्हटलं, "जाऊन विचार. आणि घेता येतो म्हणाले तर दोन तासांच्या मध्ये सुट्टी किती ते विचार. संध्याकाळी आई माता मंदिराचा चढ चढून बघ एकदा दुचाकीवरून."

"बघितलाय," ती म्हणाली. "पाऊण तास."

(पुढील आठवड्यात : श्रेयांक बँक)