रोज पाच किलोमीटर धावूनही १०० मीटरची वेळ का सुधारत नाही?

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की गावोगावची मैदानं पहाटेच भरून जातात. मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, शिवाय दोघांनाही १०० मीटरची धाव असते. शालेय स्पर्धांची तयारी करणारी मुलंही त्याच मैदानावर असतात. तयारीची पद्धत मात्र बहुतेकांची एकच: फेऱ्या मारायच्या, आणि पाय उचलेनासे होईपर्यंत मारायच्या.

याने दम वाढतो, पण १०० मीटरची वेळ काही हलत नाही. मग ‘वेग जन्मजातच असावा लागतो’ असं म्हणून विषय संपवला जातो. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे खरं. पण अनेक मुलांची अडचण त्याहून साधी असते. त्यांनी वेगाचा सराव कधी केलेलाच नसतो.

दम वेगळा, वेग वेगळा

पूर्ण जोर लावून धावताना स्नायू श्वासातून येणाऱ्या ऑक्सिजनवर फारसे अवलंबून नसतात. ते आधीच साठवलेलं क्रिएटिन फॉस्फेट नावाचं इंधन वापरतात. हा साठा छोटा असतो. साधारण दहा सेकंदांत तो बराचसा संपतो आणि पुन्हा भरायला काही मिनिटं लागतात.

म्हणजे धाप थोडी कमी होताच पुन्हा धावायला लावलं, तर मुलगा जोर पूर्ण लावतो, पण वेग पूर्ण येत नाही. अशा दहा धावा झाल्या की दमाचा व्यायाम होतो, वेगाचा नाही. शरीर जे वारंवार करतं तेच शिकतं, त्यामुळे हळू धावण्याचीच सवय लागते.

यासाठी प्रशिक्षकांचा एक सोपा हिशेब आहे: पूर्ण वेगात धावलेल्या प्रत्येक १० मीटरमागे सुमारे एक मिनिट विश्रांती. ३० मीटर धावल्यावर तीन मिनिटं. बघणाऱ्याला हा आळस वाटतो, पण ही विश्रांतीच पुढची धाव वेगवान करते.

बोल्टची ४१ पावलं काय सांगतात?

उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनमध्ये १०० मीटर ९.५८ सेकंदांत पूर्ण केले, तेही फक्त ४१ पावलांत. त्या शर्यतीत त्याचा सर्वाधिक वेग ६० ते ८० मीटरच्या टप्प्यात होता, ताशी सुमारे ४४ किलोमीटर. शेवटच्या २० मीटरमध्ये त्याचाही वेग किंचित घटला होता.

यातून दिसतं की १०० मीटर म्हणजे एकच एक काम नाही. आधी वेग घ्यायचा, मग सर्वोच्च वेग गाठायचा आणि शेवटी तो कमीत कमी घटू द्यायचा. नवख्या मुलांचा सर्वात जास्त फायदा पहिल्या टप्प्यात असतो. त्यामुळे सुरुवात १० ते ३० मीटरच्या धावांनी करावी. सौम्य चढावर धावणंही इथे उपयोगी पडतं, कारण चढावर शरीर आपोआप पुढे झुकतं आणि पाय मागे जोराने रेटावा लागतो.

दुसरा गैरसमज पावलांबद्दल आहे. ‘लांब टांगा टाक’ असं सांगितलं की मुलं पाय शरीराच्या खूप पुढे टाकतात. तो पाय ब्रेकसारखं काम करतो. वेगवान धावपटूचं पाऊल जवळपास शरीराखालीच पडतं, जमिनीवर सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहून कमी वेळ टेकतं, आणि तेवढ्यात जमिनीवर प्रचंड जोर देतं. पावलाची लांबी या जोरातून येते.

लंगडी, दोरी आणि खो-खो

हा जोर कमवायला महागडी साधनं लागत नाहीत. लंगडी म्हणजे एका पायावर सलग उड्या. आधुनिक प्रशिक्षणात असेच व्यायाम करून घेतले जातात. दोरीवरच्या उड्यांनी घोटा आणि पोटऱ्या कणखर होतात. खो-खोमध्ये झटपट सुटणं, थांबणं आणि दिशा बदलणं आलंच. बैठका आणि योग्य देखरेखीखाली हलकी वजनं यांचाही फायदा होतो.

घोट्याला वजन बांधून वेगात धावणं मात्र टाळावं. त्याने धावण्याची लय बिघडते आणि सांध्यांवर ताण येतो.

आठवड्याचं गणित

वेगाचा सराव आठवड्यात दोन ते तीन दिवस पुरतो, आणि दोन सत्रांमध्ये साधारण ४८ तासांचं अंतर हवं. आधी १५ मिनिटं हलकं धावणं, गुडघे उचलणं, पाय झुलवणं. मग २० ते ३० मीटरच्या सहा ते आठ धावा, प्रत्येकीनंतर पूर्ण विश्रांती. प्रत्येक धावेची वेळ लिहून ठेवावी. वेळ स्पष्टपणे घसरू लागली की त्या दिवसाचा सराव तिथेच थांबवावा. दमाची धाव वेगळ्या दिवशी, किंवा एकाच दिवशी असेल तर वेगाच्या सरावानंतर. किशोरवयात आठ ते दहा तासांची झोपही हवी.

वाढीच्या वयात घाई नको

उंची सर्वात झपाट्याने वाढते ती मुलींमध्ये साधारण १२ व्या आणि मुलांमध्ये १४ व्या वर्षाच्या आसपास. या काळात हाडं आधी लांबतात, स्नायू आणि समन्वय मागून येतात. कालपर्यंत सफाईदार धावणारा मुलगा अचानक अडखळल्यासारखा धावू लागतो. टाच किंवा गुडघ्याखाली दुखणं हेही या वयात नेहमी दिसतं. अशा वेळी ‘दुखणं सहन कर’ म्हणण्याऐवजी धावणं कमी करावं, आणि दुखणं थांबत नसेल तर डॉक्टरांना दाखवावं.

ज्याची वाढ लवकर होते तो १३ व्या वर्षी सहज पहिला येतो. उशिरा वाढणारा त्याच शर्यतीत मागे राहतो, आणि तिथेच त्याला ‘हा काही धावपटू नाही’ असं ठरवलं जातं. दोन-तीन वर्षांनी हाच क्रम उलटू शकतो, पण तोवर त्या मुलाने मैदान सोडलेलं असतं.

म्हणून या वयात मुलाची तुलना शेजारच्या लेनमधल्या मुलाशी न करता त्याच्याच आधीच्या वेळेशी करावी. एक वही, एक स्टॉपवॉच आणि आखलेले ३० मीटर एवढं त्यासाठी पुरेसं आहे.