वाऱ्याचा हिशेब

माझा मुलगा पहिलीत असताना एकदा शाळेतून चिठ्ठी आली. 'आपल्या पाल्याने वर्गात वाईट भाषा वापरली, पालकांनी येऊन भेटावे.' आम्ही उभयता धावत गेलो. चौकशी केल्यावर कळले की वर्गात खिडकीतून जोराचा वारा येत होता आणि चिरंजीव शेजारच्या मुलाला म्हणाले होते, "बहुत गाळी आ रही है!" आमची सौ. धारवाडची. घरात आईशी कन्नड, माझ्याशी मराठी, गल्लीत गुजराती आणि शाळेत हिंदी असा त्याचा चौरंगी कारभार. वाऱ्याला त्याने आईचा शब्द वापरला, एवढाच गुन्हा.

त्या गोष्टीला वीस-बावीस वर्षे झाली. मात्र गेल्या वर्षी त्याच मुलाने आणि मी मिळून सहा महिने फक्त या 'गाळी'चाच अभ्यास केला. निमित्त झाले एका जुन्या गाडीचे.

मी मूळचा निपाणीचा. १९९४ साली नोकरीसाठी सिल्वासाला आलो. मराठी माणसाला हे गाव अगदीच परके नाही. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगिजांच्या ताब्यातून मुक्त झाले, त्या लढ्यात सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे अशी आपली माणसे होती. पुढे करसवलतींमुळे इथे कारखान्यांची रांग लागली. २०२० पासून दमण-दीवसह हा एकच केंद्रशासित प्रदेश आहे. मी फायबर ग्लासच्या साचेखात्यात काम केले. पत्रे, टाक्या, घुमट, जे म्हणाल ते साच्यातून काढले. रेझिनचा वास अजून माझ्या जुन्या सदऱ्यांना येतो, असे सौ. म्हणते.

एन्री इदु?

मुलगा वापीला नोकरी करतो. एका रविवारी तो दोन सीटांची, कापडी टपाची, रंग उडालेली एक बुटकी गाडी घेऊन दारात उभा राहिला. सौ.ने पदराला हात पुसत विचारले, "एन्री इदु?" प्रश्न मला होता, जणू मीच ती आणली!

ती होती सॅन स्टॉर्म. १९९८ च्या सुमारास ही गाडी लोकांसमोर आली. गोव्यात वेर्ण्याला कारखाना, बेंगळूरची कंपनी, ११४९ सी.सी.चे इंजिन फ्रान्सच्या रेनोचे, ताकद साधारण साठ अश्वशक्ती आणि अंग सगळे फायबरचे. आपल्याकडे अलिबागजवळ चिंकारा नावाचीही स्पोर्ट्स कार तयार होत असे. अशा गाड्या थोड्याच लोकांनी घेतल्या. स्टॉर्मचे उत्पादन बंद होऊनही बरीच वर्षे झाली आहेत.

"बाबा, ही मला ट्रॅकवर न्यायची आहे," मुलगा म्हणाला. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. फी भरायची, सूचना ऐकायच्या, हेल्मेट घालायचे आणि बंदिस्त ट्रॅकवर आपली गाडी आपल्या कुवतीने पळवायची. समोरून ट्रक येत नाही, आडवी म्हैस येत नाही आणि रुग्णवाहिका जवळ उभी असते. कोल्हापूरला मोहित्यांच्या ट्रॅकवर सुट्टीत गो-कार्ट चालवल्यापासून त्याला हा नाद होता. मी विचार केला, पोरगा वेगाचा भुकेला आहे, ती भूक महामार्गावर भागवण्यापेक्षा हे बरे. मात्र एक अट घातली. गाडीला जे काही लागेल ते माझ्या नजरेखालून जाईल.

आधी थांबणे, मग पळणे

त्याच्या मनात पहिल्या दिवसापासून मागचा पंख होता. शर्यतीच्या गाडीला मागे असतो ना, तसा. मी म्हटले, पंख शेवटी. आधी ब्रेकचे पॅड, होज आणि ताजे ब्रेक ऑइल. मग टायर. त्यांची नक्षी शिल्लक असली तरी तारीख पाहा, जुने रबर दगडासारखे होते. मग रेडिएटर, पाण्याचे पाइप आणि इंजिनचे माउंटिंग. मग पट्टे आणि डोक्यामागचा रोल बार. उघड्या टपाची गाडी उलटली तर माणसाला वाचवणारी ती एकच वस्तू. या कामांत निम्म्याहून अधिक पैसे गेले आणि गाडी दिसायला होती तशीच राहिली. मुलगा थोडा हिरमुसला. पण आज विचाराल तर ट्रॅकवर सर्वांत जास्त उपयोग या न दिसणाऱ्या खर्चाचाच झाला.

नंतर वाऱ्याकडे वळलो. एस.टी.च्या खिडकीतून हात बाहेर काढून आपण सगळेच वाहकाची बोलणी खाल्लेली माणसे. तळहात किंचित वर तिरका केला की हात वर उचलला जातो, खाली तिरका केला की दाबला जातो. विमानाचा पंख वर उचलतो, गाडीचा पंख त्याच्या उलटा बसवतात, म्हणजे गाडी रस्त्याला दाबली जाते. वजन न वाढवता टायरवर भार वाढतो आणि वळणावर पकड मिळते.

आमचा पंख होता सव्वा मीटर लांब आणि सुमारे २२ सेंटिमीटर रुंद. हिशेब मांडला. ताशी ६० किलोमीटरला तो देणार जेमतेम साडेचार किलोचा दाब. वेग दुप्पट, म्हणजे १२०, की दाब चौपट, अठरा किलो. १५० ला अठ्ठावीसच्या आसपास. म्हणजे गावातल्या रस्त्यावर मिरवणाऱ्या गाड्यांचे पंख हा निव्वळ दागिना! आणि हा दाब फुकट मिळत नाही. पंख वाऱ्याला अडवतोही. वेग दुप्पट केला तर वारा कापायला लागणारी ताकद आठपट होते. साठ घोड्यांच्या गाडीने मोठा पंख मिरवायचा म्हणजे लहान पगारात मोठे लग्न काढण्यासारखे.

लोकरीचे धागे

वारा दिसत नाही ही खरी अडचण. मोठ्या कंपन्या वाऱ्याच्या बोगद्यात गाडी ठेवून तो पाहतात. आम्ही सौ.च्या विणकामाच्या पिशवीतून लाल लोकर घेतली, वीतभर लांबीचे तुकडे केले आणि चिकटपट्टीने गाडीभर चिकटवले. ही युक्ती विमानवाले आणि गाडीवाले फार पूर्वीपासून वापरतात. ओळखीच्या कारखान्याच्या आवारातल्या लांब रस्त्यावर, परवानगी काढून, रविवारी सकाळी मुलगा गाडी चालवत होता आणि शेजारून दुसऱ्या गाडीतून सौ. मोबाइलवर चित्रण करत होती.

चित्रण पाहिले आणि डोळे उघडले. बॉनेटवरचे धागे शहाण्या मुलांसारखे सरळ मागे झोपलेले. काचेच्या मागे मात्र, टप उघडा असताना, धागे वेड्यासारखे नाचत होते. काही तर उलटे, पुढच्या बाजूला! म्हणजे तिथे वारा फाटलेला, विस्कटलेला. पंख नेमका त्याच वाऱ्यात बसणार. विस्कटलेल्या वाऱ्यात पंख ठेवणे म्हणजे आटलेल्या ओढ्यावर पाणचक्की लावणे. सौ. म्हणाली, "गाळी इल्ला, मग पंख कशाला?" वाराच नाही तर पंख कशाला! सहा महिन्यांतले सर्वांत शहाणे वाक्य तिचेच.

म्हणून आधी कापडी टपाच्या जागी फायबरचा कडक टप केला. साचा मी काढला. जेल कोट, मॅट, रेझिन, रोलरने हवेचे बुडबुडे काढणे... निवृत्तीनंतर प्रथमच हात त्या कामात गेले. टपाची मागची उतरण हळूहळू खाली नेली. पुन्हा लोकर लावली, धागे झोपले. मग पुढच्या बंपरखाली स्प्लिटर, म्हणजे जमिनीला समांतर ओठ, बसवला. हा पुढच्या चाकांसाठी. आमची गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी. वळणे, ओढणे आणि बहुतेक थांबणे पुढच्याच चाकांकडे. फक्त मागे दाब वाढवला तर गाडी वळायलाच तयार होत नाही. पुढचे आणि मागचे पारडे सारखे राहायला हवे.

तांदळाच्या पिशव्या

शेवटी पंख आला. बाजारातून आणला, सुबक होता. दुकानदाराने सांगितल्याप्रमाणे मुलाने तो डिकीच्या झाकणावर चार बोल्टांनी बसवला. सुंदर दिसत होता. दुसऱ्या दिवशी ट्रकही ठरला होता.

मला झोप लागेना. वाचनात १९६९ सालची एक हकिगत आली होती. त्या काळात शर्यतीच्या गाड्यांना उंच काड्यांवर पंख लावण्याची लाट होती. अमेरिकेत जिम हॉलने १९६६ मध्ये चॅपरल गाडीवर उंच पंख लावून दाखवला आणि सगळे त्याच्या मागे लागले. मे १९६९ मध्ये बार्सिलोनाच्या मॉन्टज्युइक ट्रॅकवर स्पॅनिश ग्रां प्रीत लोटसच्या दोन्ही गाड्यांचे पंख मोडले. ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट दोघेही कठड्यावर आदळले, रिंट जखमी झाला. पुढच्याच मोनॅको शर्यतीत, सराव सुरू असताना, ते उंच पंख बंद करण्यात आले.

पहाटे उठलो. स्वयंपाकघरातून पाच-पाच किलोच्या तांदळाच्या पिशव्या आणल्या आणि एकेक करून पंखावर ठेवू लागलो. अठ्ठावीस किलोचा अंदाज, खड्ड्या-उंचवट्यांचा हिशेब धरून साठ किलो तरी पेलले पाहिजे, असे ठरवले होते. आठवी पिशवी ठेवली आणि झाकणातून 'चर्रर्र' आवाज आला. बोल्टच्या भोकापासून हातभर तडा गेला. मुलगा आवाजाने बाहेर आला. तड्याकडे पाहत राहिला. भर वेगात, वळणाच्या मध्यावर मागचा दाब एकदम नाहीसा झाला असता तर काय झाले असते, हे मला त्याला सांगावे लागले नाही. दोघेही बराच वेळ काही बोललो नाही. ट्रक रद्द केला, ठरवलेल्या दिवसावर पाणी सोडले.

नवीन आधार थेट खालच्या पोलादी सांगाड्याला जोडले. झाकणाला फक्त त्यांच्यासाठी खाचा ठेवल्या. या वेळी साठ किलो तांदूळ रात्रभर ठेवले. काही हलले नाही.

धारवाडचा मुक्काम

चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला १९९० सालापासून ३.७१७ किलोमीटरचा ट्रॅक आहे. मौज अशी की वापीहून राष्ट्रीय महामार्ग ४८ धरला की तोच रस्ता मुंबई, पुणे, कोल्हापूर, निपाणी, बेळगाव, धारवाड, बेंगळूर करत थेट त्या ट्रॅकपाशी जातो. आमचे सगळे आयुष्य त्या एका रस्त्यावर!

गाडी ट्रकवर, आम्ही तिघे मागे. कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करून गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ तसे सांगते आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केले आहे. वाचकांपैकी कोणाची मुले असे काही करत असतील तर त्यांनी हे लक्षात ठेवावे. विम्याचे कागदही आधी वाचावेत. ट्रॅकवरचे नुकसान विमा सहसा भरून देत नाही.

धारवाडला सासूबाई पाहायला बाहेर आल्या. "गाडी चांगली आहे तर तिला ट्रकवर का बसवलंय?" त्यांचा पहिला प्रश्न. मग पंखाकडे बघून नातवाला म्हणाल्या, "हासिगे इद्दष्टु कालु चाचु." अंथरूण पाहून पाय पसर. दोन्ही भाषांत एकच म्हण. मुलगा हसला, "अज्जी, बाबांनी तेच गणित करून दिलंय." नारळ फुटला, पेढ्यांचा पुडा सोबत मिळाला.

ट्रॅकवर त्याने पंखासह आणि पंख काढून, दोन्ही प्रकारे फेऱ्या मारल्या. सरळ रस्त्याच्या शेवटी पंखामुळे वेग दोन-तीन किलोमीटरने कमी भरला. फेरीच्या वेळेत नाव घेण्यासारखा फरक पडला नाही. पण वेगवान वळणातून बाहेर आल्यावर तो म्हणाला, "पंख नसताना मागचा भाग हलका वाटतो. पंख असताना गाडी काय करणार ते आधीच कळतं." अठरा किलोची ती किंमत. मला पुरेशी वाटली. पाचव्या फेरीनंतर ब्रेक नरम लागले तेव्हा त्याने कोणी न सांगता गाडी आत घेतली आणि थंड होऊ दिली. त्या क्षणी मी निश्चिंत झालो.

दुपारी तो पुन्हा निघाला तेव्हा सौ. खिडकीशी वाकून त्याला एकच शब्द म्हणाली, "सावकाश." हा शब्द तिने कन्नडमध्ये म्हटला की मराठीत, मला सांगता येणार नाही. आपल्या भागात तो दोन्हीकडे आहे.