शमीवरून उतरलेला रथ

विजयादशमीला आपण शमीची पूजा करतो. अज्ञातवासाला निघताना पांडवांनी आपली शस्त्रे विराटनगराबाहेरील शमीवृक्षावर ठेवली, ही कथा घरोघरी ठाऊक आहे. परंतु विराटपर्वातील दोन बारीक गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. शस्त्रे ठेवण्यापूर्वी पांडवांनी आपापल्या धनुष्यांच्या प्रत्यंचा उतरविल्या. आणि नकुलाने ती धनुष्ये झाडावर बांधताना पावसाचे पाणी पोहोचणार नाही अशी जागा पाहिली. वर्षभराने गांडीव अर्जुनाच्या हाती आले ते तत्काळ कामास आले. त्यात दैवी कृपा होतीच. नकुलाची दक्षताही होती.

आमच्या घरच्या रथाला असा नकुल लाभला नाही. थोरल्या काकांची दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड त्यांच्या पश्चात आमच्याकडे आली, ती पनवेलच्या घरामागील पत्र्याच्या पडवीत बारा पावसाळे काढून. काकांच्या दीर्घ आजारपणात तिच्याकडे पाहावयास कोणाला सवड नव्हती.

हेराल्ड म्हणजे नुसती घरगुती गाडी नव्हे. इटलीच्या मिकेलॉत्ती यांनी तिचे रूप रेखिले, इंग्लंडात ती १९५९ साली अवतरली आणि तिच्याच चासीवर, ती थोडी आखूड करून, १९६२ साली ट्रायंफ स्पिटफायर ही दोन आसनी स्पोर्ट्स कार उभी राहिली. आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स कंपनीने १९६१ पासून हेराल्ड बनविली. इंजिन अवघे ९४८ सीसीचे; परंतु पुढचे मडगार्डांसह सगळे बॉनेट एकदम वर उचलले जाते आणि अरुंद गल्लीतही गाडी एका फेऱ्यात वळते. पुढे मद्रासेत चार दारांची हेराल्ड निघाली, तशी विलायतेत कधी निघाली नाही. काकांना मात्र त्या चार दारांचे कौतुक नसे.

गाडीचे काय करावयाचे यावरून घरात दोन तट पडले. धाकट्यांचे म्हणणे, भंगारात द्यावी. जागा मोकळी होईल. काकू एवढेच म्हणाल्या, “विकायची तर विका. पण खंडेनवमीला मेलेल्या गाडीला झेंडूची माळ घालायला मला सांगू नका.” हत्यार चालते म्हणून त्याची पूजा, गंजू दिलेल्या हत्यारावर हळदकुंकू वाहणे त्यांना पटत नव्हते. आम्हालाही त्यावर उत्तर सुचले नाही.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर गॅरेज असलेले एक वृद्ध मिस्त्री आले. किल्ली फिरवून पाहण्याची आमची उत्सुकता त्यांनी तेथेच मोडून काढली. आधी प्लग काढून सिलिंडरांत थोडे तेल सोडले, दोन दिवस तसेच राहू दिले आणि मग इंजिन हाताने फिरविले. ते फिरले, तेव्हा काकूंनी देवापुढे साखर ठेवली. पण मिस्त्रींचे लक्ष इंजिनाकडे नव्हतेच. ते म्हणाले, “चालणारी गाडी सगळेच दाखवतात. मला थांबणारी दाखवायची आहे.” मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे सिलिंडर, रबरी नळ्या, सगळे उघडले गेले. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. कोकणच्या हवेत ते काय करते हे आतल्या गंजावरून दिसले. चासीच्या बाजूच्या पट्ट्या कुजल्या होत्या. त्या कापून नव्या जोडाव्या लागल्या.

पुढच्या चाकाचा खांब ज्या पितळी सांध्यात फिरतो, त्याला ग्रीस चालत नाही, घट्ट गिअर ऑईलच लागते. ग्रीस आतल्या आट्यांपर्यंत पोहोचत नाही. खांब कोरडा पडून झिजतो आणि एखाद्या वळणावर तुटतो. एवढीशी गोष्ट, पण तिच्यावर चार माणसांचा जीव अवलंबून. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्याही बदलल्या, कारण आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि ते जुने रबर खाते. रंगाचे काम शेवटी. धाकट्यांना ते आधी हवे होते.

कागदपत्रांचाही एक अज्ञातवास असतो. मालकाच्या निधनानंतर तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून वारसाच्या नावे गाडी करून घ्यावयाची, असा नियम आहे. घरोघरी हे राहून जाते आणि अपघात झाल्यावर विम्यापाशी अडते. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ पासून ‘व्हिंटेज’ नोंदणीची निराळी सोय झाली आहे. परंतु तशी गाडी नित्याच्या वापरास काढता येत नाही. काकूंना दर चतुर्थीला दर्शनाला जावयाचे आहे. म्हणून आम्ही पनवेलच्या कार्यालयात गाडी दाखवून साध्या नोंदणीचेच नूतनीकरण केले.

गेल्या दसऱ्याला गाडी ठोकळ्यांवर होती; माळ घातली गेली नाही. यंदा माळ काकूंनी स्वतः ओवली आहे. सीमोल्लंघन महडच्या वरदविनायकापर्यंत, जुन्या रस्त्याने. चाकाखाली लिंबू ठेवण्याची चाल आहेच. मिस्त्री म्हणाले, लिंबावरून पुढे गेलेली गाडी दहा पावलांवर थांबते की नाही ते आधी पाहू.

महडच्या पुढे खोपोली आणि मग बोरघाट. हेराल्डचे मागचे चाक वळणात एकदम अॅक्सिलरेटर सोडला की आत मुडपते. ती सवय पायाला पुन्हा लागेपर्यंत घाट चढावयाचा नाही, अशी त्यांची सक्त ताकीद आहे. काकूंना एकवीरेला जावयाचे आहे. ते पुढच्या दसऱ्याला.