मोटारींतील हीटर थंड वारा कां देतो?

गतवर्षीं डिसेंबर महिन्यांत आम्ही आमच्या एका स्नेह्यांच्या मोटारींतून पहांटेस वाईहून पांचगणीस निघालों होतों. थंडी कडाक्याची होती, म्हणून हीटर सुरू केला. तों त्यांतून थंडगार वारा येऊं लागला. “आपल्या देशांत हीटरवांचून कोणाचें अडतें?” असें म्हणून स्नेह्यांनीं तो बंद केला. पसरणीचा घाट अर्धा चढतों न चढतों, तोंच उष्णतामान दाखविणारा कांटा तांबड्या खुणेस जाऊन भिडला. गाडी थांबतांच आमचा भाचा रेडिएटरचें टोपण उघडावयास धांवला. स्नेह्यांनीं त्याचा हात वेळींच धरला, म्हणून तो भाजण्यांतून वांचला.

हीटरनें आम्हांस आगाऊ सूचना दिली होती. ती आम्हांस कळली नाहीं, इतकेंच. पेट्रोल वा डीझेलवर चालणाऱ्या मोटारींत हीटर बहुधा स्वतः उष्णता उत्पन्न करीत नाहीं. ती तो इंजिनाकडून उसनी घेतो. इंजिनाभोंवतीं कूलंट मिसळलेलें पाणी फिरत असतें. तेंच तापलेलें पाणी एका नळीनें गाडीच्या आंतील लहानशा जाळीदार पेटींत येतें व दुसऱ्या नळीनें परत जातें. पंखा त्या पेटींतून वारा लोटतो. तो ऊब घेऊन आपणांकडे येतो.

वारा थंड आल्यास कारण पुढील क्रमानें शोधावें.

प्रथम, इंजिन पूर्ण निवाल्यावर पाण्याची पातळी पाहावी. पाणी कमी झालें, अथवा नळींत हवा कोंडली, कीं तें पेटीपर्यंत पोहोंचत नाहीं. आमच्या गाडीची एक जुनी रबरी नळी झिरपत होती. अशा वेळीं केवळ पाणी भरून भागत नाहीं. गळती शोधावीच लागते.

पाणी पुरेसें असून कांटा खालींच राहत असेल, तर थर्मोस्टॅट तपासावा. इंजिन गार असतां ही झडप मिटलेली असते व सुमारें ८० ते ९० अंश सेंटिग्रेडला उघडते. ती उघडीच अडकली, तर पाणी रेडिएटरमध्यें सतत निवत राहतें.

कांटा योग्य स्थानीं असेल, तर तापलेलें इंजिन बंद करून पेटीच्या दोन्ही नळ्या जपून चाचपाव्या. एक गरम व दुसरी गार लागल्यास पेटी गाळानें चोंदली असावी. दोन्ही गरम असल्यास दोष बहुधा थंड व उष्ण वारा मिसळणाऱ्या आंतील झडपेंत असतो.

मात्र तापलेल्या इंजिनाचें टोपण कदापि उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असल्यामुळें १०० अंशांवरही उकळत नाहीं; टोपण निघून दाब सरतांच तें एकदम उकळून अंगावर उसळतें.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या प्रांतांत हीटरची गरज क्वचितच पडते, हें खरें. परंतु ज्या वस्तूची गरज नाहीं, तिच्या बिघाडाकडेही दुर्लक्ष करूं नये. त्या पहांटे थंड वाऱ्याचें कारण वाईसच शोधलें असतें, तर घाटांतील तें संकट टळलें असतें.