भीमबेटकाचा जीवाश्म आणि आपल्या मधमाश्या

भोपाळपासून साधारण ४५ किलोमीटरवर, रायसेन जिल्ह्यात, भीमबेटकाच्या गुहा आहेत. २०२१ साली तिथल्या एका गुहेच्या छतावर शास्त्रज्ञांना डिकिनसोनिया नावाच्या अतिप्राचीन प्राण्याचा ठसा सापडल्याचं जाहीर झालं. सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीचा जीव, तोही भारतात, म्हणून बातमी जगभर गेली. पुढे दुसऱ्या एका संशोधक गटाने प्रत्यक्ष जाऊन पाहिलं, तेव्हा तो ठसा खडकापासून सुटू लागला होता. खडकातला जीवाश्म असा दोन-तीन वर्षांत सुटत नाही. २०२३ मध्ये या गटाने निष्कर्ष मांडला की तो आग्या माशीच्या जुन्या मोहोळाचा उरलेला भाग आहे, आणि मूळ संशोधकांनीही चूक मान्य केली. विज्ञानात असंच व्हायला हवं. मात्र मधमाश्यांबद्दल सर्वसामान्यांत रूढ झालेल्या चुका इतक्या लवकर दुरुस्त होत नाहीत, आणि त्यांची किंमत माश्यांना मोजावी लागते.

पहिली चूक सर्वांत मोठी आहे, कारण बाकीच्या तिच्यातूनच निघतात. ‘मधमाश्या कमी होत आहेत’ असं आपण म्हणतो, पण कोणत्या माश्या हे विचारत नाही. कड्याला, उंच झाडाला किंवा पाण्याच्या टाकीखाली एकच मोठं पोळं लटकवणारी ती आग्या. झाडाच्या ढोलीत एकापुढे एक समांतर पोळी बांधणारी सातेरी, आणि झुडपाच्या फांदीवर लहानसं पोळं करणारी फुलोरी. या तिन्ही इथल्याच. लाकडी पेट्यांत मोठ्या प्रमाणावर पाळली जाते ती मेलिफेरा मात्र युरोपातून आलेली. भारतात ती स्थिरावली १९६० च्या दशकात, आजच्या हिमाचल प्रदेशातल्या नगरोटा बगवां इथल्या प्रयोगांनंतर. याशिवाय मध न साठवणाऱ्या, एकेकट्या राहणाऱ्या शेकडो जाती आहेत. वाळक्या लाकडात भोक पाडणारा काळा भुंगा त्यांतलाच एक. जगात माश्यांच्या वीस हजारांहून अधिक जाती नोंदल्या आहेत, भारतात सातशेहून अधिक.

आता आकडे पाहा. जगातल्या पाळीव मधमाश्यांच्या वसाहती गेल्या अर्धशतकात कमी झालेल्या नाहीत. १९६१ ते २००८ या काळात त्या सुमारे ४५ टक्क्यांनी वाढल्या. २००६ च्या सुमारास अमेरिकेत कामकरी माश्या अचानक पेट्या सोडून नाहीशा होऊ लागल्या, ती घटना खरी आणि गंभीर होती, पण पाळणाऱ्यांनी वसाहती विभागून तूट भरून काढली. रानातल्या माशीची तूट कोण भरून काढणार? २०२१ साली जगभरच्या संग्रहांतल्या आणि निरीक्षणांतल्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा २००६ ते २०१५ या काळात नोंदल्या गेलेल्या जाती १९९० पूर्वीच्या तुलनेत सुमारे पाव भागाने कमी निघाल्या. कुणी म्हणेल, नोंदी कमी झाल्या म्हणजे माश्या कमी झाल्या असं नव्हे. आक्षेप रास्त आहे, पण त्या काळात एकूण नोंदी घटल्या नव्हत्या, वाढल्या होत्या. जर्मनीत तर राखीव क्षेत्रांत २७ वर्षं एकाच पद्धतीच्या सापळ्यांनी मोजणी केली गेली. उडणाऱ्या कीटकांचं एकूण वजन पाऊणपटीने घटल्याचं २०१७ मध्ये समोर आलं. भारतात इतकी जुनी सलग मोजणी नाही. तिकडच्या घटीमागे जी कारणं मानली जातात, म्हणजे कमी झालेली मोकळी जागा आणि फुलं, आणि वाढलेलं विष, ती मात्र इथेही आहेत.

म्हणूनच ‘पेट्या ठेवा, माश्या वाचवा’ हे समीकरण मला पटत नाही. मधुमक्षिकापालन हा चांगला जोडधंदा आहे. २०२० मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी ५०० कोटींचं राष्ट्रीय अभियान जाहीर केलं, मुरैनाच्या मोहरीच्या पट्ट्यात पेट्यांनी शेतकऱ्याला खरोखर हात दिला आहे. पण कोंबड्या पाळून जसे माळढोक वाचत नाहीत, तशा मेलिफेरा पाळून रानमाश्या वाचत नाहीत. कामही सारखं नसतं. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलात पराग नळीसारख्या परागकोशात बंद असतो. भुंगा फुलाला धरून पंखांचे स्नायू थरथरवतो, तेव्हा तो बाहेर सांडतो. मधमाशीला, मग ती पेटीतली असो की ढोलीतली, हे जमत नाही. वांग्याच्या वाफ्याशेजारचं वाळकं लाकूड उचलून टाकणाऱ्याला कल्पनाही नसते की त्याने भुंग्याचं घर मोडलं.

दुसरा समज मोबाइल टॉवरचा. आपल्याकडे तो इतका पक्का आहे की शिकलेली माणसंही शंका घेत नाहीत. याची सुरुवात जर्मनीतल्या एका छोट्या प्रयोगापासून झाली. तिथे बिनतारी घरगुती फोनची उपकरणं थेट पेटीत ठेवली होती. २००७ मध्ये वर्तमानपत्रांनी त्याचा संबंध मोबाइलशी जोडला. २०१० मध्ये चंडीगडच्या पंजाब विद्यापीठातही पेट्यांना मोबाइल लावून प्रयोग झाला, पण तो मोजक्याच पेट्यांवर. पोळ्याला खेटून ठेवलेला फोन आणि दूरवरचा टॉवर यांत अंतराचा प्रचंड फरक आहे, कारण अंतर दुप्पट झालं की लहरींची तीव्रता चौथाईवर येते. लहरींचा काहीच परिणाम नाही असा माझा दावा नाही, अभ्यास व्हायलाच हवा. पण टॉवरकडे बोट दाखवलं की शेतातल्या फवारणीकडे आणि तोडलेल्या झाडाकडे पाहायची गरज उरत नाही, आणि इथेच या समजाचं खरं नुकसान आहे.

फवारणीचा विषय भोपाळइतका दुसऱ्या कुठल्या शहराला जवळचा नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री ज्या कारखान्यातून वायू सुटला, तिथे कार्बारिल नावाचं कीटकनाशक बनत असे. मिथिल आयसोसायनेट हा त्याचाच कच्चा माल. कार्बारिल मधमाश्यांसाठी अत्यंत विषारी आहे, हे तेव्हाही माहीत होतं. भारतात त्यावर बंदी यायला २०१८ साल उजाडलं. दरम्यान निओनिकोटिनॉइड गटाची नवी औषधं आली. ती रोपाच्या अंगात भिनतात, म्हणून पानाबरोबर परागात आणि मधुरसातही उतरू शकतात. २०१२ मध्ये फ्रान्समध्ये माश्यांच्या पाठीवर सूक्ष्म चिप चिकटवून केलेल्या प्रयोगात दिसलं की याच गटातल्या थायमेथोक्झामची जिवावर न बेतणारी मात्रा मिळालेल्या अनेक माश्या पोळ्याकडे परतल्याच नाहीत. या गटातल्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर युरोपीय संघाने २०१८ मध्ये थांबवला. आपल्याकडे सोयाबीनच्या खोडमाशीसाठी थायमेथोक्झाम बियाण्याला चोळतात, आणि सिहोर, विदिशा, रायसेन हा सगळा सोयाबीनचा मुलूख आहे.

‘मग शेतकऱ्याने पीक किडीला द्यायचं का?’ हा प्रश्न येणारच, आणि यायला हवा. औषध बंद करा असं सांगणं सोपं आहे. कर्ज शेतकऱ्याच्या डोक्यावर असतं. पण वेळ बदलायला पैसे लागत नाहीत. माशी सकाळपासून उन्हात काम करते आणि दिवस मावळला की परतते. भर फुलोऱ्यात फवारणी टाळावी, टाळता येत नसेल तर संध्याकाळी माश्या परतल्यावर करावी, आणि शेजारी पेट्या असतील तर आदल्या दिवशी सांगावं. बांधावरची बोर, करंज, कडुलिंब, शेवगा ही झाडं राखली, तर सोयाबीन आणि गव्हाच्या मधल्या रिकाम्या दिवसांत माशीला खायला मिळतं.

माशी संपली की चार वर्षांत माणूस संपेल, असं आइन्स्टाइन म्हणाल्याचं सांगतात. त्यांच्या लेखनात असं काही सापडलेलं नाही, आणि ते खरंही नाही. गव्हाला माशी लागत नाही. भात आणि मकाही तिच्यावाचून पिकतात. मात्र जगातल्या प्रमुख ११५ पिकांपैकी ८७ पिकांना परागीभवनासाठी कमी-अधिक प्रमाणात प्राण्यांची मदत लागते. भोपळा, काकडी, दोडका यांची नर आणि मादी फुलं वेगळी असतात, त्यांच्यात परागाची ने-आण माशीच करते. खरं नुकसान इतकं मोठं असताना खोट्या भीतीची गरज नाही.

राहिला शहरातला समज: मोहोळ दिसलं की ते जाळलंच पाहिजे. आग्या माशी धोकादायक आहे, तिच्या हल्ल्यात माणसं दगावतात, हे नाकारून चालणार नाही. पण ती चिडते ती दगडाने, धुराने, धक्क्याने. फांदीवर पोळ्याशिवाय लोंबणारा माश्यांचा घोस तर बहुतेक वेळा प्रवासात विसावलेला असतो, काही तासांत किंवा दिवसांत उडून जातो. आग्या मुळात स्थलांतर करणारी आहे. बहर ओसरला की ती पोळं सोडते, आणि बरेचदा पुढच्या हंगामात त्याच जागी येते. मशाल लावली की पिल्लावळीसकट हजारो माश्या एका रात्रीत मरतात. पोळं दाराशी किंवा शाळेपाशी असेल तर जाणकाराकडून ते हलवून घ्यावं. दहाव्या मजल्याच्या छज्ज्याखाली असेल तर खिडकीला जाळी लावावी आणि रात्री बाल्कनीतला दिवा मालवावा, कारण ही माशी रात्रीही प्रकाशाकडे ओढली जाते. शहरात आणखी एक सोपी गोष्ट करता येईल: चहाच्या टपरीवाल्यांनी उष्ट्या कपांच्या डब्याला झाकण ठेवलं, तर गोडाला येऊन आत बुडणाऱ्या असंख्य माश्या वाचतील.

भीमबेटकाच्या गुहा १९५७ मध्ये जगासमोर आणल्या त्या विष्णु श्रीधर वाकणकर यांनी. तिथल्या चित्रांत शिकार आहे, नाच आहे, आणि मध काढणारी माणसंही आहेत. आग्या त्या कड्यांना आजही पोळी बांधते. तीच तुमच्या इमारतीला आली, तर मशाल आणण्याआधी हंगाम संपेपर्यंत थांबा.