एका फाशाचा वर्गखेळ

पावसाळ्यात शाळेच्या अंगणात चिखल झाला म्हणजे खेळाची तासिका बहुधा पाढे म्हणण्यात खर्ची पडते. अशा वेळी चार भिंतींच्या आत, दोन-तीन इयत्ता एकत्र बसवून, एकाच फाशावर खेळता येईल असा एक खेळ येथे देत आहे. तो मूळचा परदेशातील. जॉन स्कार्न या अमेरिकन लेखकाच्या फाशांवरील १९४५ च्या पुस्तकात त्याचे वर्णन आले असून त्याचे तेथील नाव 'पिग', म्हणजे डुक्कर, असे आहे. आपल्या वर्गातील नाव मुलांनीच ठेवावे. मूळ खेळ दोघाचौघांनी आळीपाळीने खेळावयाचा आहे. पुढे दिलेली रीत संपूर्ण वर्गासाठी आहे.

प्रथम सर्व मुलांनी पाटी घेऊन उभे राहावे. एकाने फासा टाकावा व पडलेले दान मोठ्याने सांगावे. दान २ ते ६ पैकी पडल्यास उभ्या असलेल्या प्रत्येकाने तितके गुण पाटीवर मांडून आधीच्या गुणांत मिळवावेत. हे झाले चालू गुण. पुढील दानापूर्वी ज्यास आपले गुण राखावयाचे असतील त्याने खाली बसावे. त्याचे चालू गुण जमा झाले. जे उभे राहतील त्यांच्यासाठी फासा पुन्हा पडेल. मात्र १ पडला की उभ्या असलेल्या सर्वांचे त्या डावातील चालू गुण बुडाले व डाव संपला. सर्वच बसले तरीही डाव संपला. असे पाच डाव खेळून ज्याची जमा सर्वांत अधिक तो विजयी. फासा हातातून सुटल्यावर बसणे चालणार नाही, हा नियम आरंभीच स्पष्ट करावा. साऱ्या तंट्यांचे मूळ तेथेच असते.

पहिली-दुसरीच्या मुलांना बेरीज झेपत नसल्यास चिंचोके द्यावेत. जितके ठिपके तितके चिंचोके उचलावयाचे आणि १ पडल्यास परत डब्यात टाकावयाचे. डाव संपल्यावर सगळे चिंचोके डब्यातच जावेत; एकही कोणी घरी नेऊ नये. गोट्या, पेन्सिली, खाऊ यांपैकी काहीही पणास लावू देऊ नये व विजयी मुलास बक्षीसही देऊ नये. याविषयी मी आग्रही आहे, कारण 'शाळेत फासे कशाला?' असे पालक विचारतील आणि त्यांची शंका अगदीच निराधार नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याच्या दैन्याचे एक संपूर्ण सूक्त आहे. महाभारतातील द्यूत तर प्रत्येक कीर्तनात ऐकलेले असते. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेस २०२५ साली करावा लागला. मोबाइलवर हे खेळ पाहिलेली मुले आपल्या वर्गांत आहेत. फाशाचे गणित त्यांना ठाऊक असणे हिताचे. पालकांस एखाद्या डावास बोलावून बसविल्यास शंका बहुधा मिटते.

फासा विकत मिळतो. तथापि लाकडाचा अथवा जाड पुठ्ठ्याचा मोठा फासा वर्गात केल्यास मागच्या मुलांनाही दिसतो. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज ७ यावी, ही आजची रूढी आहे. मोहेंजोदडो येथील उत्खननात सापडलेल्या फाशांवर मात्र १ समोर २, ३ समोर ४ व ५ समोर ६ अशी मांडणी आढळते. इतिहासाच्या तासाला हे जरूर सांगावे. घरी केलेला फासा खरा आहे की नाही हे पाहण्यासाठी तो ६० वेळा टाकून नोंद करावी. प्रत्येक दान बरोबर १० वेळा येणार नाही. ७ किंवा १३ आले म्हणून फासा बिघडला असे समजू नये. पण एखादे दान २० वेळा आले तर फासा नवा करावा.

आता मुख्य गोष्ट. तीनचार दाने १ वाचून गेली की वर्गात हमखास कुजबुज सुरू होते, 'आता एक पडणारच.' मोठी माणसेही असेच म्हणतात. परंतु फाशास मागचे काही आठवत नाही. प्रत्येक दानास १ पडण्याचा संभव सहात एक इतकाच राहतो. हे केवळ सांगून पटत नाही. यास्तव फळ्याच्या कोपऱ्यात दोन रकाने आखावेत. लागोपाठ तीन दाने १ शिवाय गेल्यावर चौथ्या दानास १ आला की नाही, एवढेच त्यांत टिपावे. महिनाभराची नोंद झाली की तीच बोलू लागते.

याचीच दुसरी बाजू अधिक नाजूक आहे. ज्याच्या हातून १ पडतो त्यास मुले 'अपशकुनी' म्हणू लागतात, आणि खेड्यात असे नाव शाळेबाहेरही मागे लागते, विशेषतः मुलीच्या. फासा टाकणारा दर दानास बदलावा. शब्द कानी येताच खेळ थांबवून फळ्यावरील नोंद दाखवावी व त्यानंतरच पुढे जावे.

केव्हा बसावे, याचे उत्तर चौथीच्या मुलांनाही काढता येते. समजा, चालू गुण २० आहेत. पुढील दानाच्या सहा शक्यतांपैकी २, ३, ४, ५, ६ या पाचांत मिळून २० गुणांची वाढ. १ पडल्यास २० गुणांचा तोटा. पारडी समान झाली. २० हून कमी असता उभे राहण्यात लाभ, अधिक असता बसण्यात. आळीपाळीच्या मूळ खेळात प्रतिपक्षाची जमा किती आहे हेही पाहावे लागते; तेथील सर्वोत्तम रीत टॉड नेलर व क्लिफ्टन प्रेसर या प्राध्यापकांनी २००४ साली संगणकाच्या साहाय्याने प्रसिद्ध केली. मात्र २० चा नियम पाळणाराही पुष्कळदा हरतो आणि न पाळणारा जिंकतो. गणितात मागे पडणारे मूल येथे जिंकू शकते, हा मला या खेळाचा गुणच वाटतो. घाईने बसणाऱ्यास भित्रा म्हणण्याचे कारण नाही.

सहावी-सातवीस आणखी पुढे नेता येईल. चार दानांच्या एकूण १२९६ जोडण्या होतात. त्यांपैकी ६२५ मध्ये १ मुळीच येत नाही, उरलेल्या ६७१ मध्ये तो एकदा तरी येतो. म्हणजे चार दाने उभा राहणारा निम्म्याहून किंचित अधिक वेळा बुडणार. फाशांवरील अशाच प्रश्नांवरून फ्रान्समध्ये १६५४ साली पास्कल व फेर्मा यांचा पत्रव्यवहार झाला व संभाव्यतेच्या गणितास आरंभ झाला.

वर्ग सरावला की दोन फासे घ्यावेत; कोणत्याही फाशावर १ आला तरी डाव बुडाला. ३६ घरांचा तक्ता मुलांकडून भरून घ्यावा. त्यांतील ११ घरांत १ येतो, व उरलेल्या २५ घरांतील गुणांची बेरीज २०० होते. २०० ला ११ ने भागले असता बसावयाची मर्यादा १८ च्या आसपास येते.