साठ टक्क्यांचं भांडण

31 जुलै जवळ आला की दारव्ह्यातल्या माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. खरिपाच्या पीकविम्याचा बहुतेक वर्षी तोच शेवटचा दिवस. सातबारा, आधार, पासबुक असं सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून माणसं बाकावर बसलेली असतात, आणि विम्याची साइटही बसलेली असते. अशाच एका रात्री मी खुर्चीत पेंगत होतो. मागच्या खोलीत भाच्याने धाडकन टेबलावर हात आपटला.

‘मामाजी, हा गेम लबाड हाय! साठ टक्के दाखवते अन् ऐन वेळी वार खाली जाते!’

बाकावरच्या एका आजोबांनी काळजीने विचारलं, ‘काय झालं पोराले? फारम नापास झाला का?’

ज्या गेमला तो लबाड म्हणत होता त्याचं नाव ‘बॅटल फॉर वेसनॉथ’. माझं दुकान आधी सायबर कॅफे होतं. मोबाइल आल्यावर कॅफे मेला, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म उरले, आणि मागच्या खोलीत दोन जुनी मशीन उरली. आजचे भारी गेम त्यांच्यावर उघडतसुद्धा नाहीत. वेसनॉथ मात्र चालतो. काही शे एमबीचा मामला, फुकट, जाहिरात नाही, एकदा उतरवला की इंटरनेटही लागत नाही. दर पाळीला तो आपला आपण सेव्ह होतो, त्यामुळे लाइन गेली तरी डाव बुडत नाही. आमच्याकडे हा गुण लहान नाही.

गावात ‘गेम’ म्हटलं की आईबापांच्या पोटात गोळा येतो, कारण त्यांच्या लेखी गेम म्हणजे मोबाइलवर पैसे लावणं. ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला, तो उगाच नाही. पण वेसनॉथचं गोत्र वेगळं. त्याचं गोत्र पटाचं.

डेव्हिड व्हाइट नावाच्या प्रोग्रामरने 2003 मध्ये त्याची पहिली आवृत्ती लोकांपुढे ठेवली. ‘मास्टर ऑफ मॉन्स्टर्स’ आणि ‘वॉरसाँग’ या जुन्या व्हिडिओ गेमांची आठवण त्यामागे होती. प्रोग्राम सगळ्यांना खुला ठेवल्यामुळे पुढे जगभरच्या हौशी लोकांनी चित्रं काढली, संगीत दिलं, नव्या मोहिमा लिहिल्या, आणि ते काम अजून चालू आहे.

पट मधमाशीच्या पोळ्यासारखा सहा कोनांच्या घरांचा. कुठे सपाट रान, कुठे जंगल, डोंगर, नदी, गाव. तुमचा सरदार गढीवर बसून सोनं मोजून सैन्य भरती करतो. गावं ताब्यात घेतली की उत्पन्न सुरू होतं, आणि जखमी शिपाई गावात थांबला की दर पाळीला थोडा बरा होतो. मूळच्या फौजा सहा. राजनिष्ठ माणसं, एल्फ आणि त्यांचे साथीदार, उत्तरेकडचे ऑर्क, मेलेल्यांची फौज, डोंगरातले बुटके ड्वार्फ आणि त्यांचे सोबती, आणि आग ओकणारे ड्रेक. एक पाळी तुमची, एक शत्रूची. घाई नाही. चहा पिऊन येऊन चाल केली तरी कुणी मारून टाकत नाही.

कोण कुठे उभा आहे यावर त्याला वार लागण्याची शक्यता ठरते. सपाट रानात उभ्या माणसावर शंभरातले साठ वार लागतात. तोच गावात किंवा किल्ल्यात शिरला की चाळीस. एल्फ जंगलात गेला की तीस-चाळीस. जादूगाराच्या जादूपुढे जमिनीचा आडोसा चालत नाही, ती कुठेही सत्तर. वर दिवसरात्रीचा हिशोब वेगळा. राजनिष्ठ माणसं दिवसा पंचवीस टक्के जोरात मारतात, रात्री तेवढीच कमी. ऑर्कांचं बरोबर उलटं.

आता भाच्याचं भांडण. त्याच्या भालाइतासमोर सपाट रानात एक ऑर्क उभा होता, जीव उरलेला 14. भालाइताचे वार तीन, प्रत्येक 7 चा. पण वेळ रात्रीची, म्हणून 7 चे झाले 5. गेमने दाखवलं : शक्यता 60 टक्के. दोन वार लागले, तिसरा गेला. ऑर्क 4 जिवावर उभा राहिला आणि पुढच्या पाळीत त्याने आमच्या शिपायाला आडवं केलं.

मी एका झेरॉक्सच्या मागच्या बाजूला मांडून दाखवलं. साठ टक्के ही एका वाराची गोष्ट. त्याला हवे होते तिन्ही. 5 चे दोन वार म्हणजे 10, ऑर्क मरत नाही. तिन्ही लागण्याची शक्यता 0.6 गुणिले 0.6 गुणिले 0.6, म्हणजे 21.6 टक्के. पाचात एकदा! पोरगं पाचात एकदा होणाऱ्या गोष्टीवर शिपाई लावून बसलं होतं आणि मनात साठ धरून बसलं होतं. हाच हल्ला दिवसा केला असता तर 7 चे झाले असते 9, दोन वारांत काम भागलं असतं, आणि तीनपैकी निदान दोन लागण्याची शक्यता 64.8 टक्के. भाला तोच, ऑर्क तोच, रान तेच. फरक सूर्याचा.

‘मंग गेमनं तसं सांगाव ना,’ तो म्हणाला.

गेम सांगतो. हल्ल्याच्या खिडकीत हिशोबाचं एक बटण आहे. ते दाबलं की लढाईनंतर कुणाचा किती जीव उरण्याची किती शक्यता, याची पूर्ण पट्टी उघडते. भाच्याने ते बटण सहा महिन्यांत एकदाही दाबलं नव्हतं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे हो.

माझ्या मागच्या खोलीत येणाऱ्या प्रत्येकाचं या गेमबद्दल मत आहे, आणि दहातली आठ मतं नशिबाबद्दलची असतात. कृषी केंद्रात कामाला असलेला एक जण मेलेल्यांची फौज घेतो. त्याच्या सांगाड्यांवर तलवार-भाल्याचं फारसं चालत नाही, आगीने आणि सोट्याने मात्र ते लवकर मोडतात. त्याचं म्हणणं, कॉम्प्युटर खेळत असला की कॉम्प्युटरचेच फासे चांगले पडतात. हे मत मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे की मलाही एकदा संशय आला. पण गेममध्ये लेखाजोख्याची एक वही आहे. तुम्ही सरासरीने किती नुकसान करायला हवं होतं आणि प्रत्यक्षात किती केलं, तुमच्यावर किती व्हायला हवं होतं आणि किती झालं, सगळं त्यात लिहिलेलं. त्या रात्री मी भाच्याच्या डावाची वही उघडली. त्याच्या फौजेने सरासरीपेक्षा तीन टक्के जास्त नुकसान केलेलं होतं. म्हणजे पोरगं नशीबवान होतं आणि तरी हरत होतं.

चुकलेला वार माणूस जन्मभर सांगतो. शत्रूचे तीनही वार आपल्यावर चुकले, ते कुणी मोजत नाही.

आता उलट बाजूचं मत. जिल्हा परिषदेच्या शाळेतले एक गणिताचे सर शनिवारी येतात. त्यांच्या मते ज्या खेळात फासा आहे तो डोक्याचा खेळच नव्हे. खरा खेळ बुद्धिबळ. इथे ते लगेच नागपूरच्या दिव्या देशमुखचं नाव काढतात. जुलै 2025 मध्ये जॉर्जियातल्या बातुमीला तिने कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला, त्या दिवशी सरांनी दुकानात पेढे वाटले होते. विदर्भाच्या पोरीचा अभिमान मलाही आहे. पण फाशाबद्दल मला सरांचं पटत नाही.

कारण युद्धाच्या पटावर फासा कुण्या परक्याने आणून टाकलेला नाही. महमूद गझनीच्या काळात भारतात आलेल्या अल्-बिरूनीने 1030 च्या सुमारास आपल्याकडच्या बुद्धिबळाचं वर्णन लिहून ठेवलं आहे. त्यात चार जणांचा डाव आहे, आणि फाशावर जे पडेल त्याप्रमाणे मोहरं हलवायचं आहे. आजच्या बुद्धिबळात फासा नाही. सारीपाटात आहे. ‘दान पडणं’, ‘पौबारा’ हे शब्द आपल्या तोंडात अजून आहेत, पट घराघरांतून गेला तरी.

गंमत म्हणजे खरं युद्ध शिकवायची वेळ आली तेव्हा लष्कराला बुद्धिबळ पुरेना. प्रशियात राइसविट्झ नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने 1824 मध्ये नकाशावरचा युद्धखेळ तयार केला. त्यात गोळीबाराचा परिणाम ठरवायला फासे होते. बंदूक दर वेळी लागत नाही हे सैनिकाला माहीत असतं. त्या खेळाची वंशावळ पुढे फार वाढली. इंग्रज लेखक एच. जी. वेल्सने 1913 मध्ये खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम पुस्तकात छापले. अमेरिकेत 1971 मध्ये ‘चेनमेल’ या नियमपुस्तकात मध्ययुगीन लढाईला एक पुरवणी जोडली गेली आणि पटावर जादूगार, राक्षस, ड्रॅगन उतरले. त्या पुस्तकाचा एक लेखक गॅरी गायगॅक्स. त्याने डेव्ह आर्नेसनबरोबर 1974 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ काढलं. 1983 मध्ये इंग्लंडात ‘वॉरहॅमर’ आलं. हाताने रंगवलेले छोटे पुतळे, मोजपट्टी आणि मूठभर फासे. तशी एक फौज उभी करायची तर हजारो रुपये जातात, समोर तसाच दुसरा वेडा लागतो आणि जेवणाच्या टेबलाएवढी जागा लागते. दारव्ह्यात या तिन्ही गोष्टी एका वेळी जुळणं कठीण. म्हणून आमच्यासाठी वेसनॉथ.

नशिबाची एक तक्रार मात्र मी मान्य करतो. ऑनलाइन दोघांच्या छोट्या डावात सुरुवातीला फौज जेमतेम सहा-सात जणांची असते. पहिल्याच रात्री दोन चांगले शिपाई फुकट गेले की पुढचा तासभर फक्त हरण्याचं काम उरतं. लांब मोहिमेत नशीब सरासरीला येतं, छोट्या डावात त्याला यायला वेळच मिळत नाही. हा दोष फाशाचा नाही, पण खेळाचा आहे. मोहिमेपुरता नव्या आवृत्त्यांनी नशिबाचा वाटा कमी करायचा पर्याय ठेवला आहे. भाच्याने तो लावून दोन दिवस खेळून पाहिलं. तिसऱ्या दिवशी काढून टाकला. म्हणाला, ‘मजाच नाही येऊन राहिली.’

बाकी तक्रारी भराभर सांगतो. चित्रं जुनाट आहेत म्हणतात. आहेत, आणि त्यामुळेच जुन्या मशीनवर चालतात. खेळ हळू आहे म्हणतात. एक लढाई दीड-दोन तास सहज खाते. पण दारव्ह्याच्या माणसाने हळूपणाची तक्रार कोणत्या तोंडाने करावी? आम्ही रखडत चालणाऱ्या शकुंतला रेल्वेतून मूर्तिजापूरला गेलेली माणसं. हळू फौजेचेही चाहते आहेत. वणीकडे खाणीत नोकरीला असलेलं एक जुनं गिऱ्हाईक सुट्टीवर आलं की फक्त ड्वार्फ घेतं, तेही खाणीतलेच, का ते विचारायची गरज नाही. त्याचं मत एवढंच, ‘हे बुटके लोकं सपाटावर चालत नाहीत, पण डोंगरावर चढवून ठेवले की हलत नाहीत.’

सगळ्यात कडाक्याचं भांडण मात्र ‘लोड मारण्या’वरून होतं. मोहिमेत मेलेला शिपाई पुढच्या लढाईला परत येत नाही. चार-पाच लढाया जगवून, अनुभव देऊन साध्या जादूगाराचा दुसऱ्यांना बरं करणारा पांढरा जादूगार केलेला असतो, आणि एखाद्या फडतूस सांगाड्याच्या हातून तो जातो. मग काय करायचं? भाचा म्हणतो, मागची पाळी लोड करायची आणि तोच हल्ला परत करायचा, कधीतरी दान चांगलं पडेल. गणिताचे सर म्हणतात, ही चोरी आहे. सर फाशाला नावं ठेवतात, पण फासा जे देईल ते निमूट घेतात. भाचा फाशाच्या बाजूने बोलतो आणि मनासारखा पडेपर्यंत टाकत बसतो. मी स्वतः एका मोहिमेत एकदाच लोड मारतो. कृषी केंद्रवाल्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘भाऊ, एकदाच मारता म्हणता, पण कोणत्या एकदा?’ त्याला उत्तर देता आलं नाही.

त्या रात्री साडेदहाला साइट सुरू झाली. आजोबांचा फॉर्म भरायला घेतला. तीन एकर कापूस, एक एकर तूर. भाचा बाहेर येऊन ओटीपीसाठी आजोबांचा मोबाइल हातात धरून उभा राहिला. आजोबांनी त्याला विचारलं, ‘बाळा, तुया गेमात पाऊस पडते का?’ तो म्हणाला, ‘नाही आजोबा, फक्त दिवस अन् रात्र.’ ‘मंग सोपा हाय,’ आजोबा म्हणाले आणि त्यांनी अंगठा पुढे केला.

मागच्या दोन मशीनपैकी एक बहुतेक संध्याकाळी रिकामं असतं. दारव्ह्याच्या मोतीबाग स्टेशनाकडे कधी आलात तर या, गेम शिकवायचे पैसे घेत नाही. पहिल्या डावाला राजनिष्ठ फौज घ्या, रात्री गावात बसा, आणि हल्ल्याआधी ते हिशोबाचं बटण दाबा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मात्र येऊ नका.